दिवाणखान्यातील सागर

सन १८४६ च्या शरद ऋतूतील ही गोष्ट आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या गावी अ‍ॅना थिन नावाच्या एक बाई मुक्कामास होत्या. त्यांचे यजमान लंडनच्या वेस्टमिन्स्टर येथील प्रसिद्ध प्रार्थनामंदिरात धर्माधिकारी होते. बाईंस भूस्तरशास्त्राची आवड असे. त्या किनाऱ्यावर पोवळ्याच्या जातीचे, परंतु एकेकटे वाढणारे काही लहान जीव त्यांस आढळले, आणि ते जिवंत स्थितीत लंडनला न्यावयाचे असे त्यांनी मनात घेतले. त्यांनी एक मोठा स्पंज आणविला, सुईदोरा घेतला आणि प्रवासात हे जीव एकमेकांवर आपटू नयेत म्हणून ते त्या स्पंजास टाचून टाकले. मग समुद्राच्या पाण्याने भरलेल्या दगडी बरणीत तो स्पंज ठेवून बाई आपल्या घरी परतल्या.

खरी अडचण घरी आल्यावर सुरू झाली. लंडन शहर समुद्रापासून दूर. प्रथम काही दिवस बाईंनी एक दिवसाआड समुद्राचे पाणी आणविले. पण असा खटाटोप किती काळ चालणार? तेव्हा आहे तेच पाणी पुन्हा पुन्हा ताजे करण्याची त्यांनी तजवीज केली. घरातील मोलकरणीने उघड्या खिडकीपाशी उभे राहावे आणि ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात, असे अर्धा-पाऊण तास ओतीत राहावे. वरून पडणाऱ्या धारेबरोबर हवा पाण्यात मिसळे आणि ते जीव तगून राहत. अ‍ॅना थिन यांचे नाव आज ग्रंथांतून आढळते; त्या मोलकरणीचे नाव सहसा कोणी सांगत नाही. परंतु आज घरोघरच्या मत्स्यपेटीत विजेचा पंप जे काम करतो, तेच काम त्या मुलीने आपल्या दोन हातांनी केले, हे विसरून चालणार नाही.

पुढच्या वर्षी, म्हणजे १८४७ च्या वसंतात, बाईंनी किनाऱ्यावरून शेवाळ उगवलेले दगड मागविले आणि ते त्याच पाण्यात ठेवले. वनस्पती सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडतात, तेव्हा त्या आणि प्राणी मिळून पाण्याचा तोल राखतील, अशी त्यांची अटकळ होती. ती बऱ्याच अंशी खरी ठरली. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने गोड्या पाण्यातील मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून हाच तोल सिद्ध केला व १८५० साली तो प्रयोग प्रसिद्ध केला. १८५३ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिले मत्स्यगृह उघडले, आणि १८५४ साली फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने ह्या विषयावर ग्रंथ लिहून ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घराघरांत नेला. दिवाणखान्यात समुद्र आणून ठेवण्याची हौस जगात सुरू झाली ती अशी.

ह्या मंडळींनी प्रश्नाचा अर्धा भाग ओळखला होता: जिवाला श्वास लागतो. दुसरा अर्धा भाग मात्र त्यांच्या दृष्टीआड राहिला. जीव श्वास घेतो तसा मलही टाकतो, आणि लहानशा पाण्यात त्या मलाचे काय होते, हा तो दुसरा प्रश्न होय. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. उरलेले अन्न कुजते, त्यातूनही अमोनियाच निघतो. अमोनिया हे माशाला विष आहे. शिवाय समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी असते आणि अशा पाण्यात अमोनियाचा अधिक घातक असा अंश वाढतो. अथांग सागरात ह्या विषाची मात्रा नगण्य ठरते. काचेच्या पेटीत मात्र ते चार दिवसांत जीव घेऊ शकते.

ह्या कोड्याचा उलगडा मत्स्यालयात झाला नाही. तो सांडपाण्यात झाला. १८७७ साली श्लेझिंग आणि म्युंत्झ ह्या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडी भरलेल्या एका उभ्या नळीतून शहराचे सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. त्यानंतर खालून येणाऱ्या पाण्यातला अमोनिया नाहीसा होऊन त्याच्या जागी नायट्रेट नावाचे पुष्कळच सौम्य द्रव्य दिसू लागले. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तशी ही क्रिया थांबली. त्यावरून हे काम वाळूचे नसून वाळूवर वस्ती केलेल्या सजीवांचे आहे, हे सिद्ध झाले. पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञाने ते जिवाणू वेगळे काढून दाखविले. त्यांत दोन निराळे वर्ग असतात. एक वर्ग अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा त्या नायट्राइटचे नायट्रेट करतो.

खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी प्रथमच मांडू पाहणाऱ्या गृहस्थाने ते वीस दिवस मनावर कोरून ठेवावेत. कारण नवशिक्याचे अपयश बहुधा तेथेच दडलेले असते. प्रकार असा घडतो. एखाद्या घरातला मुलगा दुकानात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा, म्हणजे क्लाऊनफिश, पाहतो आणि हट्ट धरतो. वडील शनिवारी पेटी, मीठ, वाळू आणि मासे असे सर्व एकदम आणतात. रविवारी सकाळी पेटी भरते, दुपारी मासे सुटतात, संध्याकाळी शेजारीपाजारी येऊन कौतुक करून जातात. मंगळवारी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. गुरुवारी पेटी रिकामी होते आणि घरात एक कोपरा उदास होतो. पाणी स्फटिकासारखे स्वच्छ दिसत असते. म्हणून दोष दुकानदाराला, नाही तर नशिबाला दिला जातो. वास्तविक दोष घाईचा असतो. त्या पाण्यात मासे आले तेव्हा त्यांच्यामागून झाडलोट करणारे जिवाणू अद्याप आलेच नव्हते.

तेव्हा पहिला पाठ हा की, मासे पाळण्याच्या आधी पाणी पाळावयाचे असते. पाणी नीट राखले म्हणजे मासे बहुतेक आपले आपण राहतात. ह्या दृष्टीने एकेक गोष्ट क्रमाने पाहू गेल्यास ती मुळीच अवघड नाही.

प्रथम पेटीचा आकार. लहान पेटी सोपी, ही समजूत उलटी आहे. कपभर चहात चमचाभर मीठ पडले तर चहा फेकावा लागतो. तेच मीठ बादलीभर पाण्यात पडले तर कळतही नाही. पाणी जितके अधिक, तितकी चूक सावकाश अंगावर येते आणि ती सुधारावयास सवड मिळते. म्हणून पहिली पेटी शंभर लिटरांच्या आसपासची असलेली बरी. साठ सेंटिमीटर लांब, पस्तीस रुंद आणि चाळीस उंच अशा पेटीत गणिताप्रमाणे ८४ लिटर पाणी मावते; त्याहून लहान पेटीने सुरुवात न करावी हे उत्तम. एवढ्या पाण्याचे वजनच ८४ किलोच्या वर जाते. काच, वाळू आणि दगड धरून ते शंभराच्या पलीकडे पोचते. तेव्हा पुस्तकांच्या कपाटावर किंवा डुगडुगत्या मेजावर ती ठेवू नये. आधार भक्कम व समतल असावा, काचेखाली थर्माकोलची पातळ चादर असावी, आणि जागा अशी निवडावी की जेथे खिडकीचे ऊन थेट येत नाही. कारण उन्हाने पाणी तापते आणि शेवाळ माजते.

त्यानंतर पाणी. मुंबईसारख्या ठिकाणी राहणाऱ्यास वाटेल की समुद्र दारात असता मीठ विकत कशाला घ्यावे? परंतु मोठ्या शहराच्या किनाऱ्यावरचे पाणी गाळाने व सांडपाण्याने दूषित असते, आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांच्या लोंढ्याने त्याचा खारेपणाही उतरतो. स्वयंपाकघरातले मीठही कामाचे नाही. समुद्रात केवळ मीठ नसते. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचे क्षारही ठरावीक प्रमाणात असतात. ‘चॅलेंजर’ नामक जहाजाने १८७२ ते १८७६ ह्या काळात जगभरच्या समुद्रांतून पाणी गोळा केले होते. त्यांतले ७७ नमुने विल्यम डिटमार याने तपासले आणि १८८४ साली दाखवून दिले की, खारेपणा कमी-अधिक असला तरी मुख्य क्षारांचे परस्परांशी असलेले प्रमाण सगळीकडे जवळजवळ सारखेच असते. गॉसनेही आपल्या काळी चार क्षार मिसळून कृत्रिम सागरजल बनविण्याची कृती दिली होती. आज मत्स्यालयाकरिता तयार केलेले सागरी मीठ दुकानात मिळते, तेच घ्यावे.

हे मीठ नळाच्या पाण्यात थेट घालू नये, कारण त्या पाण्यात क्लोरीन असते. पुष्कळ घरांत आता आर. ओ. पद्धतीचे शुद्धीकरण यंत्र असते. त्याचे पाणी चालते. एक लिटरास सुमारे पस्तीस ग्रॅम हे प्रमाण धरावे. ८४ लिटरांच्या पेटीत वाळू-दगडांची जागा वजा जाता सुमारे सत्तर लिटर पाणी राहील; म्हणजे मीठ अडीच किलोंच्या जवळपास लागेल. ते स्वच्छ प्लॅस्टिकच्या बादलीत विरघळवून लहान पंपाने एक दिवस ढवळत ठेवावे. तांब्या-पितळेचे भांडे अगदी वर्ज्य. देवघरात तांबे पवित्र असले तरी कोळंबी, खेकडे, शंख ह्या जीवांना ते घातक आहे. मग हायड्रोमीटर किंवा रिफ्रॅक्टोमीटर ह्या उपकरणाने खारेपणा मोजावा. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आले म्हणजे ते सागराशी जुळले.

येथे एक चूक हमखास होते. पेटीतले पाणी रोज थोडे आटते, आणि हौशी गृहस्थ मीठ घातलेल्या पाण्याने ती तूट भरून काढतो. ठाण्या-रायगडकडील मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांस ह्यातला दोष लगेच कळेल. आगरी माणूस वाफ्यात समुद्राचे पाणी घेतो, ऊन पाणी नेते आणि मीठ मागे ठेवते. पुन्हा पाणी घेतो, पुन्हा मीठ साठते. पेटीतही तेच होते. उडून जाते ते निव्वळ पाणी. मीठ जागच्या जागी राहते. म्हणून तूट नेहमी गोड्या, शुद्ध पाण्यानेच भरावी. काचेवर बाहेरून एक रेघ ओढून ठेवावी आणि रोज सकाळी पाणी त्या रेघेपर्यंत आणावे. घरातील शाळकरी मुलाकडे सोपविण्याजोगे हे पहिले काम आहे.

उष्णतेचा विचार आपल्याकडे विशेष करावा लागतो. प्रवाळांच्या प्रदेशातील माशांस पंचवीस ते सत्तावीस अंश सेल्सिअस तापमान मानवते. पुण्याच्या थंडीत ते टिकविण्यासाठी लहानसा तापक लागतो. उलट वैशाखात पाणी तीस अंशांच्या पुढे जाण्याचा धोका असतो. पाणी जितके उष्ण आणि जितके खारे, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्राच्या पाण्यात तो त्याच तापमानाच्या गोड्या पाण्याहून सुमारे एक-पंचमांश कमी मावतो. पेटीच्या पृष्ठभागावर लहान पंख्याचा वारा सोडल्यास माठातल्या पाण्याप्रमाणे बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतार पडतो. अर्थात रेघ मग लवकर खाली जाते. पाणी सतत हलते ठेवणारा पंप तर हवाच. वीज गेली म्हणजे अ‍ॅना थिनच्या मोलकरणीची आठवण होते; त्या वेळेसाठी विजेरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा, आणि तोही नसेल तर वाटीने पाणी वरून ओतण्याचा तिचाच मार्ग अजूनही खरा आहे. विजेच्या तारांस मात्र भिंतीतील खटक्याच्या खाली झोळ ठेवावा, म्हणजे तारेवरून ओघळलेले खारे पाणी खटक्यात न शिरता खाली गळून पडेल. पेटीत हात घालण्यापूर्वी उपकरणे बंद करण्याची सवय सर्वांनीच लावून घ्यावी.

तळाशी दोन-तीन सेंटिमीटर चुनखडीयुक्त सागरी वाळू पसरावी. तिच्यामुळे पाण्याचा अल्कधर्म टिकण्यास मदत होते. तीवर सच्छिद्र दगड असे रचावेत की त्यांतून पाणी खेळेल आणि माशांस लपावयास कपारी मिळतील. हे दगड शोभेसाठी नाहीत. त्यांच्या हजारो सूक्ष्म छिद्रांत ते जिवाणू वसती करणार आहेत. पेटीची मोरी आणि पेटीचा झाडूवाला तेथेच राहणार आहे. मत्स्यालयासाठी बनविलेले कोरडे, कृत्रिम सच्छिद्र दगड घ्यावेत. किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणण्याचा मोह धरू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ साली खडक बांधणारी प्रवाळे, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांचा समावेश करण्यात आला. ते गोळा करणे हा गुन्हा आहे.

इतके झाले की पेटी भरते, पंप सुरू होतो, पाणी निवळते, आणि त्यानंतर काहीच करावयाचे नसते. हाच सर्वांत कठीण भाग! रिकाम्या पाण्यात कोळंबीचा एक लहान तुकडा किंवा माशांच्या खाद्याची चिमूट टाकावी. ती कुजू लागते आणि अमोनिया निर्माण होतो. थेंब टाकून रंग पाहण्याची परीक्षासाधने मिळतात. त्यांनी दर दोन-तीन दिवसांनी पाणी तपासून वहीत आकडे लिहावेत. प्रथम अमोनिया चढेल; मग तो उतरू लागेल आणि नायट्राइट चढेल; पुढे तेही उतरेल आणि नायट्रेट दिसू लागेल. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तेथेच राहिले म्हणजे पेटी पिकली असे समजावे. ह्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मधल्या काळात वाळूवर व काचेवर तपकिरी थर चढतो. तो पाहून पेटी बिघडली असे वाटते, परंतु नव्या पेटीत हा थर बहुधा येतोच आणि काही दिवसांनी ओसरतो. जिवाणूंना प्रकाश नको, कौतुक नको. त्यांना अमोनिया, प्राणवायू आणि काळ एवढेच हवे. पैकी पहिल्या दोन वस्तू विकत आणता येतात. तिसरी आणता येत नाही.

त्यानंतर मासे. प्रथम एक, आणि दोन-तीन आठवड्यांनी दुसरा. कारण जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या मलाच्या मानाने वाढते, आणि एकदम चार पाहुणे आले तर ती अपुरी पडते. नवशिक्यास विदूषक मासाच सर्वांत योग्य. परंतु तो माणसाच्या देखरेखीखाली पैदा झालेला असावा, एवढे विचारून घ्यावे. गोड्या पाण्यातील शोभेचे बहुतेक मासे तळ्यांत पैदा केले जातात. समुद्रातील शोभेच्या माशांचे तसे नाही. त्यांतील बहुतेक समुद्रातूनच पकडले जातात, आणि फिलिपाइन्ससारख्या देशांत १९६० नंतरच्या काळात सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याची दुष्ट रीत पसरली. तिने मासे तर मेलेच, भोवतालची प्रवाळेही मेली. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशांच्या पैदाशीची पद्धत बसविली आहे, आणि पैदास केलेले मासे बाजारात मिळू शकतात. असा मासा पेटीत जन्मलेला असल्याने पेटीतले अन्न खुशीने खातो.

ह्या माशाची एक मौज मुलांना सांगण्यासारखी आहे. सर्व विदूषक मासे जन्मतः नरच वाढतात. जोडीतला मोठा व वर्चस्व असलेला मासा पुढे मादी होतो. ती मादी गेली तर तिचा नर स्वतः मादी होऊन तिची जागा घेतो. निसर्गात हा मासा समुद्रफुलाच्या दंश करणाऱ्या तंतूंत राहतो. परंतु पेटीत समुद्रफुलावाचून त्याचे काही अडत नाही, आणि समुद्रफूल सांभाळणे नवशिक्याच्या आवाक्याबाहेरचे असते. काचेवरचे शेवाळ खावयास दोन-चार शंख असले म्हणजे कुटुंब पुरे झाले. नवा मासा आणल्यावर त्याची पिशवी प्रथम पेटीच्या पाण्यावर तरंगू द्यावी आणि मग तासभर पेटीतले पाणी थेंबाथेंबाने तीत मिसळीत जावे. परगावाहून आलेल्या माणसालाही आपण दारातच पंगतीला बसवीत नाही.

पंगतीवरून अन्नाची गोष्ट निघते. आग्रह हा महाराष्ट्रीय घराचा सद्गुण खरा; पण मत्स्यपेटीत तोच काळ ठरतो. मासा काचेशी येऊन तोंड उघडमीट करू लागला की आजी म्हणते, ‘‘पोर भुकेलं दिसतंय.’’ आजी चिमूट टाकते, शाळेतून आलेला नातू चिमूट टाकतो, रात्री वडील आठवणीने आणखी टाकतात. मासा खातो थोडे. बाकीचे दगडांमागे जाऊन कुजते, आणि पिकलेल्या पेटीतही अमोनिया पुन्हा डोके वर काढतो. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, आणि दोन मिनिटांत संपेल तेवढेच अन्न द्यावे. घरातील एकाच व्यक्तीकडे हा अधिकार असावा. मासा सदैव भुकेला दिसतो. समुद्रात अन्न दिसेल तेव्हा खावे लागते, म्हणून त्याची ती सवय आहे.

नायट्रेट मात्र जिवाणू संपवीत नाहीत, ते साठत जाते. यासाठी दर आठवड्याला पेटीतले दहाव्या हिश्शाइतके पाणी काढून तेवढेच नवे, त्याच खारेपणाचे व त्याच तापमानाचे पाणी घालावे. म्हणजे सात लिटरांची एक बादली. अर्ध्या तासाचे काम. परंतु हे काम परीक्षेच्या आठवड्यात, लग्नघाईत आणि दिवाळीच्या फराळातही चुकवून चालत नाही. विदूषक मासा चांगल्या व्यवस्थेत दहा वर्षांहून अधिक जगतो. आज हट्ट करणारा मुलगा तोवर कॉलेजात गेलेला असेल. पेटी घेण्यापूर्वी घरातल्यांनी एकत्र बसून हा एकच हिशेब केला तरी पुष्कळ मुक्या जिवांचे प्राण वाचतील.

आणि प्राणांचा हा प्रश्न एका पेटीपुरता नाही. गॉसच्या ग्रंथाने इंग्लंडात जी हौस उसळली तिचा शेवट त्याला स्वतःलाच दुःख देणारा झाला. टोपल्या आणि छिन्न्या घेऊन लोकांचे थवे किनाऱ्यावर लोटले. जी डबकी पाहून त्याने लेखणी उचलली, तीच खरवडून रिकामी झाली. त्याचा पुत्र एडमंड गॉस याने १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मकथनात ह्या नाशाबद्दल खेद व्यक्त केला आहे. सागरावर ज्याने मनापासून प्रेम केले, त्याच्याच हातून सागराच्या कडेची ती बाग लुटारूंना दाखविली गेली. याच्या उलट बाजूची चूकही तितकीच मोठी आहे. कंटाळा आला म्हणून पाळलेला मासा समुद्रात सोडून देणे हे दयेचे कृत्य वाटते. पण हिंदी व प्रशांत महासागरांतील सिंहमासा १९८५ साली अमेरिकेत फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळ आढळला आणि पुढे त्याने तेथील व कॅरिबियन समुद्रातील लहान माशांचा फडशा पाडण्यास सुरुवात केली. तो मत्स्यपेट्यांतून सुटलेल्या माशांचा वंश असावा, असेच शास्त्रज्ञ मानतात. पेटी मोडावयाची झालीच तर मासा दुसऱ्या जाणत्या हौशी माणसाकडे द्यावा; समुद्राकडे नव्हे.

पेटीचा खरा लाभ, मालकीपेक्षाही, तिने दिलेल्या दृष्टीत आहे. ज्या मुलाने सहा आठवडे रिकाम्या पाण्यातील न दिसणाऱ्या जिवांची वाट पाहिली, वहीत आकडे लिहिले, रोज सकाळी रेघेपर्यंत पाणी भरले, त्याला ओहोटीच्या वेळी हाजीअलीच्या खडकांवर किंवा मालवणच्या किनाऱ्यावर नेऊन पाहावे. मालवणचा समुद्र १९८७ सालीच अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे. मुंबईच्या खडकांवरही प्रवाळ आहेत, आणि किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० साली त्यांतले काही उचलून दुसरीकडे न्यावे लागले, हे कित्येक मुंबईकरांस ठाऊकही नसेल. असा मुलगा डबक्यात हात घालण्याआधी वाकून पाहील. तेथे एक शंख हळूहळू सरकत असेल, एखादे समुद्रफूल मिटत असेल. त्या ओंजळभर पाण्यात श्वास आणि मल, ऊन आणि शेवाळ, जिवाणू आणि मासा यांचा जो तोल त्याच्या घरी सहा आठवड्यांनी कसाबसा जमला, तो येथे कोणी न सांभाळता युगानुयुगे चालला आहे, हे त्याच्या ध्यानात येईल. मग तो तेथून काही उचलणार नाही. सुईदोरा घेऊन निघालेल्या त्या बाईंपासून सुरू झालेली ही विद्या अखेर एवढेच शिकविते की, समुद्र घरात आणणे फार कष्टाचे आहे. म्हणून तो जेथे आहे तेथे राखलेला बरा.